२९ लिटरची माशांची टाकी, कोण कोणाबरोबर राहील: कामाच्या नोंदी

दिवस ०

टाकी बाहेरून ४५ × ३० × ३० सेंटिमीटर. खोक्यावर छापलंय ४० लिटर. मी लिटरच्या मापानं मोजून भरली. मध्येच फोन वाजला आणि आकडा विसरले, मग सगळं उपसून पुन्हा भरली. एक तास गेला. काचेची जाडी, ४ सेंटिमीटर खडी, एक लाकूड आणि वरची ३ सेंटिमीटर मोकळी जागा वजा जाता आत पाणी बसलं २९ लिटर. म्हणजे खोक्यावरचे ११ लिटर फक्त खोक्यावरच.

हा आकडा टाकीच्या मागच्या काचेवर मार्करनं लिहून ठेवलाय. औषधाचा डोस असो, पाणी बदलणं असो की माशांची संख्या, सगळं २९ वर मोजायचं.

बाकी सामान: मागे लटकवायचा फिल्टर, ५० वॉटचा हीटर, थर्मामीटर, थेंबांचं टेस्ट किट. लाकूड न भिजवता टाकलं, ते तरंगलं. सध्या त्यावर दगड ठेवलाय.

दिवस १ ते ३३

बिनमाशांचं सायकलिंग. अमोनिया २ पीपीएमपर्यंत (पाण्याच्या दहा लाख भागांत दोन) घालायचा आणि जिवाणू तयार व्हायची वाट पाहायची. हे जिवाणू माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग कमी घातक नायट्रेटमध्ये बदलतात. दहाव्या दिवशी नायट्राइट दिसलं, खूश झाले. तेराव्या दिवशी फिल्टरचा स्पंज मळका वाटला म्हणून नळाखाली चोळून धुतला. नळाच्या पाण्यात क्लोरीन. जे जिवाणू दोन आठवडे वाढवत होते तेच धुऊन टाकले. अमोनिया खाली येईना. नऊ दिवस वाया गेले. स्पंज धुवायचाच असेल तर टाकीतून काढलेल्या पाण्यात, नुसता दोनदा पिळून.

३३व्या दिवशी २ पीपीएम अमोनिया २४ तासांत शून्यावर आला, नायट्राइटही शून्य. साठलेलं नायट्रेट काढायला ८० टक्के पाणी बदललं.

एवढी शिस्त पाळल्यावर पुढचं सगळं सोपं जाईल अशी माझी समजूत होती.

दिवस ३४

मासे आणले. आदल्या रात्री कागदावर हिशेब केला होता. लिटरला एक सेंटिमीटर मासा, हा नियम कुठेतरी ऐकलेला. नियॉन टेट्रा ६, प्रत्येकी २ सेंटिमीटर, म्हणजे १२. गप्पी ३, प्रत्येकी ३, म्हणजे ९. एक फायटर (बेटा, लांब परांचा भांडखोर मासा) ५. एक सकर (शेवाळ खाणारा, काचेला चिकटणारा मासा) ३. बेरीज बरोबर २९. हिशेब इतका चोख जुळल्यावर खरं तर तिथेच संशय यायला हवा होता.

दुकानदाराला विचारलं, एकत्र राहतील ना? तो म्हणाला, "ताई, सगळे लहानच तर आहेत. राहतात." सकर मात्र संपले होते. ते संपले होते म्हणून वाचले.

पिशव्या १५ मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवल्या आणि मासे सोडले. दहा मासे, एकाच दिवशी.

दिवस ३६

एका गप्पीची शेपटी फाटलेली. संशय फायटरवर. गप्पीची लांब, रंगीत, फडफडती शेपटी फायटरला दुसऱ्या फायटरसारखी दिसते, हे आता वाचलं. मासे आणायच्या आधी वाचायला हवं होतं.

दिवस ३७

फायटरचे परही कुरतडलेले. गप्पी त्याच्या वाटेला जात नाहीत. मग कोण?

काचेजवळ उभी राहिले की सगळे मासे खाण्याच्या आशेनं पुढे येतात आणि गुण्यागोविंदानं फिरतात. म्हणून फोन स्टँडवर लावून २० मिनिटं चित्रीकरण केलं आणि मी खोलीबाहेर थांबले. उत्तर मिळालं. फायटर गप्पींच्या मागे लागतो, आणि तो वळला की दोन नियॉन मागून येऊन त्याच्या परांना चावे घेतात. मी दोन दिवस एकट्या फायटरला दोष देत होते.

नियॉन एरवी शांत. पण घोळका लहान आणि जागा तोकडी असली की आपसात चालणारी त्यांची ढकलाढकली शेजाऱ्यावर निघते. त्यात लांब परांचा, संथ फायटर समोर म्हणजे आयतं गिऱ्हाईक. ज्याला कुणाला टाकीत नक्की काय चाललंय ते पाहायचंय त्यानं फोन लावून बाहेर जावं. मला सर्वांत जास्त उपयोग याच एका गोष्टीचा झाला.

दिवस ३८

फायटर १५ लिटरच्या प्लास्टिकच्या टबात. त्यात छोटा स्पंज फिल्टर आणि एअर पंप. फिल्टरमध्ये मुख्य टाकीच्या स्पंजचा एक तुकडा कोंबला, म्हणजे जिवाणू लगेच मिळाले.

दिवस ४१

नियॉन फिकट पडलेत. मधे पोहत नाहीत, लाकडामागे कोपऱ्यात दाटीनं उभे. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट १०. सगळं ठीक, मग काय?

टेस्ट किटच्या डब्यात जीएच (पाण्याचा एकूण जडपणा) आणि केएच (पाण्यातलं बायकार्बोनेट) मोजायच्या दोन बाटल्या होत्या. सीलही फोडलं नव्हतं. आज फोडलं. एका थेंबाला एक अंश: जीएचचा रंग पंधराव्या थेंबाला बदलला, केएचचा दहाव्या. पीएच ८. म्हणजे आमचं पाणी चांगलंच जड, क्षाराचं. नियॉन ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या हलक्या, आम्लाकडे झुकणाऱ्या पाण्यातला. आणि मी १५ मिनिटांत त्याला या पाण्यात सोडलं. पिशवी तरंगत ठेवल्यानं फक्त तापमान जुळतं, क्षार जुळत नाहीत. त्यासाठी टाकीचं पाणी थोडं थोडं करून तासभर घालत राहावं लागतं.

३४ दिवस अमोनिया मोजत बसले आणि दोन मिनिटांची ही चाचणी राहिली.

दिवस ४३

दोन नियॉन गेले.

दिवस ४४, ४५

घाईत केलेली चूक, सविस्तर लिहिते, कारण हा मोह सगळ्यांना होतो. पीएच उतरवायची पावडर आणली. सकाळी ठरलेल्या मापानं घातली. दुपारी पीएच ७.२. वाटलं जिंकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ७.९.

कारण केएच. पाण्यातलं बायकार्बोनेट आम्लाला खाऊन टाकतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड होतो. तो हळूहळू हवेत उडून गेला की पीएच पुन्हा वर. केएच १० असताना पावडर घालणं म्हणजे पीएचला झोका देणं. आणि जीएच तर तसाच राहतो. माशाला एका दिवसात हा झोका पाण्याच्या जडपणापेक्षाही वाईट. तिसरा नियॉन गेला. पावडरचा डबा गुंडाळून ठेवला.

दिवस ४७

उरलेले तीन नियॉन दुकानात परत. दुकानदारानं बिनतक्रार घेतले, पैसे मात्र परत मागितले नाहीत मी. तीन नियॉन तसेच ठेवणं बरोबर नव्हतं, हा घोळक्यानं राहणारा मासा. आणखी आणावेत तर पाणी तेच. शिवाय पूर्ण वाढलेल्या आठ-दहा नियॉनना ४५ सेंटिमीटरची धाव कमी पडते, ६० ची टाकी हवी.

दिवस ५०

सकाळी पाण्यात टाचणीच्या डोक्याएवढे डोळे फिरताना दिसले. गप्पीची १४ पिल्लं. दुपारपर्यंत ११ उरली, बाकीची मोठ्यांनीच खाल्ली.

मी तीन नर मागितले होते. त्यातली एक मादी होती, रंग जरा बरा म्हणून नर समजून पिशवीत आली. ओळखायची खूण रंग नव्हे, पोटाखालचा मागचा पर. नराचा काडीसारखा अरुंद, मादीचा पंख्यासारखा पसरट. आधी हे माहीत असतं तर दुकानातच दिसलं असतं. आणि दुकानातली मोठी मादी बहुधा गाभणच असते. नराचं बीज ती महिनोन् महिने साठवून ठेवते, त्यामुळे एकटी ठेवली तरी दर चार आठवड्यांनी पिल्लं. २९ लिटरमध्ये हा हिशेब कुठे जाईल ते सांगायला नको.

दिवस ५२

नवा कागद. जुना चिकटवून ठेवलाय शेजारी.

आधी मासे ठरवून मग त्यांना पाणी जुळवायला गेले होते. आता उलट: पाणी जे आहे ते असं आहे, यात कोण राहतो?

पाणी बदलायचा पर्याय नीट मोजून पाहिला. जीएच १५ वरून ६ वर आणायचा तर ६० टक्के आरओचं पाणी मिसळावं लागेल. दर आठवड्याला ७ लिटर बदलते, त्यात ४.२ लिटर आरओ. हे जमेल. पण एखाद्या दिवशी काही बिघडून अर्धी टाकी तातडीनं बदलावी लागली तर पावणेनऊ लिटर साठवलेलं हवं, नाहीतर नुसतं नळाचं पाणी घालून पुन्हा झोका. माझ्या हातून हे कधीतरी चुकणार, स्पंजची गोष्ट ताजी आहे. म्हणून आरओ रद्द.

सेंटिमीटरचा नियमही रद्द. एक तर मी दुकानातल्या पिल्लांची लांबी धरली होती, वाढलेल्या माशाची नाही. दुसरं, लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं. दहा सेंटिमीटरचा एक मासा आणि दोन सेंटिमीटरचे पाच, यांची बेरीज सारखी. घाण सारखी नाही.

दिवस ५३ ते ५६

चार संध्याकाळी फक्त नावं खोडण्यात गेल्या. कारणांसकट लिहिते, दुसऱ्या कुणाचं पाणी वेगळं असेल तर यातलंच एखादं नाव त्यांच्या कामी येईल.

सकर पहिल्यांदा खोडला. दुकानात ३ सेंटिमीटर, वाढला की ३० च्या वर. तो माझ्या टाकीत आडवा वळूही शकणार नाही. "शेवाळ खातो" एवढ्यावर त्याला लहान टाक्यांत कोंबतात.

एम्बर टेट्रा आणि चिली रास्बोरा. दोघे जेमतेम २ सेंटिमीटर, शांत, २९ लिटरला आकारानं अगदी योग्य. जीव तुटला खोडताना. चिली रास्बोरा बोर्निओच्या चहासारख्या काळ्या, जवळजवळ क्षारच नसलेल्या पाण्यातला. माझं पाणी त्याच्या उलट टोकाला. ज्यांच्याकडे हलकं पाणी आहे त्यांनी इथेच थांबावं, पुढचं वाचायची गरज नाही.

झेब्रा डॅनिओ. जड पाण्याचं त्याला फार वावडं नाही, काटक. पण दिवसभर धावतो. ४५ सेंटिमीटरमध्ये सुरुवात केली की लगेच काच. आणि त्या धावपळीनं सोबतचे भित्रे मासे खायलाही वर येत नाहीत.

व्हाइट क्लाउड. पाणी चाललं असतं, तापमान नाही. त्याला २० अंशांच्या आसपास बरं वाटतं, माझी टाकी हीटर बंद असतानाही २६. थंड करायचं यंत्र घेणार नाही.

पी पफर. वाटाण्याएवढा, अडीच सेंटिमीटर, केरळच्या नद्यांतला. डोळे फिरवून माणसाकडे बघतो, मुलगी त्याच्यावर फिदा. यादीतला हा सर्वांत लहानांपैकी एक आणि शेजारी म्हणून सर्वांत वाईट. इतरांचे पर तोडतो, गोगलगायी फोडून खातो, कोरडं खाणं सहसा नाकारतो. त्याला त्याची वेगळी टाकी हवी.

ऑटो. काचेवरचं शेवाळ चाटणारा, ४ सेंटिमीटर, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. पण माझी टाकी दोन महिन्यांचीही नाही, काचेवर चाटण्यासारखं काही जमलेलंच नाही. नव्या टाकीत हा उपाशी मरतो.

पिग्मी कोरी. यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. तळाला मासे हवेतच, हा माझा हट्ट होता. पण त्याला सहा-आठांचा घोळका लागतो, वाळू मऊ लागते (तळ उकरताना टोकदार खडीनं मिशा झिजतात) आणि पाणी पुन्हा हलकंच बरं. माझ्याकडे खडी, तीही टोकदार. म्हणजे टाकी उपसून सगळं नव्यानं. हट्ट सोडला. तळ रिकामा राहिला तर माशांचं काही बिघडत नाही, रिकामा तळ मलाच खुपत होता.

उरले एंडलर. गप्पीचा लहान भाऊ म्हणा. नर अडीच सेंटिमीटर, शेपटी आखूड, जड आणि कोमट पाण्यात खूश. जॉन एंडलर यांना १९७५ मध्ये व्हेनेझुएलातल्या एका सरोवरात हे मासे सापडले, त्यांचंच नाव पडलं. वेगळी जात म्हणून शास्त्रीय नाव २००५ मध्ये मिळालं. त्या सरोवराचं पाणी कोमट आणि जड, म्हणून माझ्या नळाचं पाणी त्यांना परकं नाही. नुसते नर घ्यायचे, पिल्लांचा प्रश्न मिटला. गप्पी मात्र घालवावे लागतील: दोघांचा संकर होतो, आणि घरात गप्पीची मादी आहेच.

सोबत दोन नेराइट गोगलगायी. कवचाला क्षार लागतात, ते इथे भरपूर, आणि त्यांची अंडी गोड्या पाण्यात फुटत नाहीत.

सेंटिमीटर न मोजता ठरवलेली यादी: ८ नर एंडलर, २ नेराइट. बस्स.

दिवस ५८

नवे मासे आधी वेगळे ठेवायला टब मोकळा हवा म्हणून फायटरला २० लिटरची वेगळी टाकी, वेगळा हीटर, वेगळा फिल्टर. एका माशापायी दुसरा संसार मांडला. या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोठा खर्च हाच, आणि तो निव्वळ मूर्खपणाचा दंड. नेराइट आजच मुख्य टाकीत सोडल्या.

दिवस ६३

९ नर एंडलर आणले, एक जास्तीचा. प्रत्येकाचा मागचा पर तपासून घेतला, दुकानदार कंटाळला. या वेळी थेट टाकीत नाही: टब उकळत्या पाण्यानं धुऊन त्यात, तासभर थोडं थोडं पाणी घालत. तीन-चार आठवडे तिथेच.

दिवस ६८

दोघांच्या अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके. इक, म्हणजे परजीवीमुळे होणारा ठिपक्यांचा रोग. थेट सोडले असते तर गप्पी आणि अख्खी टाकी गेली असती.

अंगावर ठिपका असतो तोवर त्या परजीवीवर औषध चालत नाही. तो गळून तळाला जातो, तिथे फुटतो आणि शेकडो पिल्लं पाण्यात सुटतात. औषधानं मरतात ती ही पोहणारी पिल्लं. म्हणून ठिपके गेले की औषध थांबवणं हीच चूक. पाणी दोन दिवसांत हळूहळू ३० अंशांवर नेलं, त्यानं हे चक्र भराभर फिरतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो, म्हणून दुसरा एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड).

एक एंडलर गेला. शेवटचा ठिपका ७४व्या दिवशी दिसला, औषध ८४व्या दिवसापर्यंत चालू ठेवलं. टबाची जाळी आणि बादली मुख्य टाकीला लावायची नाही. दोन्हींवर लाल फीत बांधली.

दिवस ८८

गप्पी आणि त्यांची उरलेली पिल्लं मैत्रिणीच्या मोठ्या टाकीत. तिला आधीच सांगितलं की महिन्यानं आणखी होतील. ती हसली. बघू महिन्यानं.

दिवस ९०

८ एंडलर मुख्य टाकीत. पाच मिनिटांत टाकीभर पसरले. नियॉन तेरा दिवस होते तेव्हा कोपऱ्याबाहेर असे कधी आले नव्हते.

दिवस ९३

पुन्हा फोन लावून चित्रीकरण. सगळे नर, त्यामुळे एकमेकांसमोर मिरवणं आणि पाठलाग चालूच. एक नारिंगी डागाचा दादा बाकीच्यांना फिल्टरखाली पळवतो. पर फाटलेले नाहीत. तरी लाकूड काटकोनात फिरवलं, मॉसचा मोठा गोळा मधोमध बांधला, वर तरंगत्या वनस्पती सोडल्या. एका टोकाहून दुसरं टोक दिसेनासं झालं की पाठलाग अर्ध्यावर सुटतो. दुसऱ्या दिवशीच्या चित्रीकरणात दादा दोन ठिकाणी चक्क वाट चुकला.

दिवस ९७

सकाळी एक एंडलर जमिनीवर, वाळलेला. झाकणात फिल्टरसाठी कापलेली दोन बोटांची फट. एवढ्याशा फटीतून उडी मारतील असं वाटलं नव्हतं. फटीवर प्लास्टिकची जाळी लावली, पाण्याची पातळी आणखी २ सेंटिमीटर खाली. काचेवरचा २९ खोडून २७ लिहिला. सात उरले. आठवा आणणार नाही. एकासाठी पुन्हा महिनाभर टब नको.

दिवस १२०

पीएच ७.९, जीएच १५, केएच १०. हे आकडे आता मला बोचत नाहीत. नायट्रेट आठवड्याअखेर १५ च्या आसपास, ७ लिटर बदललं की १० च्या आसपास येतं. काचेवर शेवाळ धरायला लागलंय, नेराइटना काम मिळालं. त्यांनी लाकडावर पांढऱ्या ठिपक्यांसारखी अंडी घातलीत. फुटत नाहीत आणि निघतही नाहीत, हे आधी माहीत असायला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात १० चेरी झिंगे आणायचा विचार आहे. जड पाणी चालतं, मॉस आहे, त्यांची पिल्लं एंडलर खातील पण मोठ्यांना हात लावणार नाहीत. फक्त इकच्या ज्या औषधात तांबं असतं ते झिंग्यांना मारतं, त्यामुळे टब, स्पंज, एअर स्टोन सगळं नवं घ्यायचं की दुसरंच भांडं वापरायचं ते ठरायचंय. बहुतेक दुसरं भांडं.

फायटरचे पर भरून आले, नव्या भागाला काचेसारखी पारदर्शक कड आहे. त्याची टाकी मुख्य टाकीच्या शेजारीच ठेवली होती. काचेपलीकडे एंडलर दिसले की दिवसभर कल्ले फुगवून उभा. आज दोन्ही टाक्यांच्या मध्ये पुठ्ठा लावला.